मदत हवी आहे : 'बीटनिक'मधल्या 'निक'चं मराठीत काय करू?

नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी आठवडाभर घोडं अडलंय, जाणकारांनी जरा हात द्या प्लीज. आमच्या वाचनकट्ट्यासाठी अमेरिकेतल्या बीट पिढीवर, म्हणजे १९५०च्या सुमाराच्या बंडखोर लेखक-कवींवर, लेख लिहितेय आणि त्यात त्यांना हिणवणारा 'बीटनिक' हा शब्द येतो.

'बीट' कळतं हो. दमलेला, पिचलेला, खिशात दमडी नसलेला. त्यांच्यातला कादंबरीकार जॅक केरुआक १९४८ मध्ये मित्राशी बोलताना आपल्या पिढीला 'बीट' म्हणाला, आणि पुढे त्यानेच त्यात 'बिअ‍ॅटिफिक' म्हणजे दिव्य आनंदातला, असाही अर्थ बघितला. पण 'निक' त्यांचा नाही. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन या सदरलेखकाने २ एप्रिल १९५८ च्या सदरात जोडला. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, ४ ऑक्टोबर १९५७ ला, रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता, अमेरिकेत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव आणि मनात धास्ती, त्यामुळे त्या एका शेपटाने ही पोरं एकदम परकी, कम्युनिस्टांच्या गोटातली वाटायला लागली. शिवाय यिडिशमधून आलेला 'नुडनिक' होताच, म्हणजे डोकं खाणारा माणूस. केरुआक आणि त्याचा कवी मित्र अ‍ॅलन गिन्सबर्ग दोघांनाही 'बीटनिक' आवडला नाही, आणि बरोबरच आहे, आपण घेतलेल्या नावाला दुसऱ्याने खिजवणारं शेपूट लावलं तर राग येणारच ना!

(स्पुटनिक म्हणजे सहप्रवासी, त्यातला 'पुत' म्हणजे वाट आणि आपला 'पथ' एकाच मुळातले, हे कळल्यावर इतका आनंद झाला की वहीत दोनदा अधोरेखित केलं.)

आता माझी वही बघा. 'बीटवाले' लिहून खोडलं, कारण कोशिंबिरीतलं बीटच डोळ्यापुढे येतं. 'पिचलेली पिढी' कानाला छान लागतं पण ते पिढीचं नाव झालं, त्यातल्या एकाला काय म्हणू? शेवटी 'बीटबुवा'वर आलेय. कीर्तन करणारेही बुवा आणि बुवाबाजीतलाही बुवाच, म्हणजे केरुआकचा दिव्य अर्थ आणि लोकांची टिंगल दोन्ही येतं. पण स्पुटनिक पार गळतो, आणि डायान डी प्रिमासारख्या कवयित्री होत्या त्यांना बुवा कसं म्हणायचं?

'बीटनिक' तसाच ठेवून तळटीप द्या असं सांगू नका प्लीज, लेख मोठ्याने वाचायचाय, ऐकणाऱ्याला तळटीप दिसत नाही. हिणवणारं आणि बाई-पुरुष दोघांनाही चालणारं एखादं शेपूट तुमच्या बोलीत आहे का? कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी कुठलंही चालेल. वाचन येत्या रविवारी आहे.