विषय: रविवारच्या बॅडमिंटनचं दुसरं कोर्ट (लगेच उत्तर हवं)

प्रेषक: क्रीडासचिव

मंडळी,
हॉलवाल्यांना उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. येत्या रविवारपासून दुसरं कोर्ट पहिला तासभर फक्त नव्या लोकांसाठी ठेवायचं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. बुटांच्या रॅकच्या वेळी झालं तसं पस्तीस मेलचं रामायण नको.

सभेत ठरल्याप्रमाणे 'घरी बसणाऱ्यांना उठवा' ही मोहीम सुरू केली, तिचा हिशेब असा: पहिल्या रविवारी नऊ नवे आले, मग सहा, मग तीन. परवा एकच आला, तोही मुलीला सोडायला आला होता.

---

प्रेषक: किल्लीवाले दादा

नाही.

हो-नाही लिही म्हणालीस म्हणून आधी उत्तर दिलं, आता कारण. रविवारचं बॅडमिंटन सुरू झालं तेव्हा आम्ही तिघं होतो. चौथा मिळावा म्हणून मी पार्किंगमध्ये उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचो. आता दोन कोर्टांवर चौदा माणसं होतात. त्यातलं एक काढून घेतलं तर चौदा जण एका कोर्टावर काय, रांगोळी काढणार?

दुसरं म्हणजे बूट. केअरटेकरने मला दोनदा फरशीवरच्या काळ्या रेघा दाखवल्या. पुसायला कोण होतं? मी आणि माझा ओला टॉवेल. बुटाला नॉन-मार्किंग (रेघ न उठवणारा) तळ नसेल त्याने कोर्टावर पाय ठेवायचा नाही, हे मी आधीपासून सांगतोय.

---

प्रेषक: खजिनदार

एवढा खटाटोप कशाला? बॅडमिंटनला कोर्ट लागतं, किल्ली लागते, दादांचा मूड लागतो. चालायला काय लागतं? रोज दहा हजार पावलं टाका म्हणावं. मी तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. रात्री साडेअकराला फोनवर आठशे कमी दिसली तर सोफ्याभोवती फेऱ्या मारतो. हिला चक्कर येते, मला नाही.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

काका, तुमच्या जिद्दीला नमस्कार, पण तो दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा डोक्यात. फायदा त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतो. दिवसाला दोन हजार चालणाऱ्याला दहा हजार सांगितलं तर तो चौथ्या दिवशी फोनच घरी विसरतो.

---

प्रेषक: खजिनदार

जाहिरातीतला असो नाहीतर पंचांगातला, माझी पँट दोन इंच सैल झाली.

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी

पावलांवरून भांडू नका, दोघंही बरोबर आहात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन पावलांत नाही, मिनिटांत आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी. आधी 'सलग दहा मिनिटं तरी हवीतच' अशी अट होती, ती त्यांनी काढून टाकली. त्यामुळे जिन्याचे दोन मजलेसुद्धा खात्यात जमा होतात. मध्यम म्हणजे किती, तर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये इतपत धाप.

आता मुद्द्याचं. दहा-पंधरा वर्षं खुर्चीत काढलेला चाळिशीचा माणूस थेट बॅडमिंटनला उतरतो तेव्हा मला त्याच्या हृदयाआधी टाचेची काळजी वाटते. पुढे झेप, गपकन थांबणं, उलटं वळणं, यात टाचेमागची जाड शीर (स्नायुबंध म्हणा) तुटते. तुटते तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारली असं वाटतं, आणि मागे वळून पाहावं तर कोणीच नसतं. म्हणून पहिली दहा मिनिटं नुसतं चालणं, पोटऱ्या सैल करणं, अर्ध्या कोर्टावर हळू रॅली. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाबाच्या गोळ्या असं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून या. मला हॉलच्या दारात उभं करून विचारू नका.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर माणूस मंगळवारी जिना उतरताना ठरवतो की हे आपल्याला झेपणारं नाही.

बुटांबद्दल दादा बरोबर आहेत, पण कारण फरशीचं नाही. धावायच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते. कडेला पाय टाकला की घोटा मुरगळतो.

---

प्रेषक: बाकावरचा सभासद

या यादीवर मी कधी लिहीत नाही. पण त्या नऊ जणांतला एक मी आहे, म्हणून लिहितो.

पहिल्या रविवारी नवीन रॅकेट घेऊन आलो. मुठीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. पन्नास मिनिटं बाकावर बसलो. समोर एकवीस गुणांचे गेम चालले होते आणि वीस-वीस झालं की आणखी लांबत होते. मी प्लॅस्टिकची कड नखाने उचलायची आणि परत चिकटवायची, असं करत बसलो. मग हाक आली. डबल्स. माझा जोडीदार अतिशय सज्जन. म्हणाला, "तुम्ही फक्त नेटजवळ उभे राहा, बाकी मी बघतो." त्याने खरंच सगळं बघितलं. अख्ख्या गेममध्ये शटल माझ्या रॅकेटला चारदा लागलं असेल, त्यातलं एकदा लाकडी... म्हणजे दांड्याला. समोरचे मला सर्व्हिस करताना हात हळू करत होते. त्या हळू सर्व्हिसने जेवढं लागलं तेवढं स्मॅशने लागलं नसतं.

व्यायामाचं महत्त्व मला पटवून द्यायला नको. व्हॉट्सॲपवर रोज कोणीतरी पटवतोच. घाम यायला आलो होतो, तो आला नाही. दोन तासांतली एकशे पाच मिनिटं मी घरच्यासारखाच बसलो होतो, फक्त बाक कडक होता.

वेगळं कोर्टही मला नकोय. लहानपणी आम्ही लिंबूटिंबू असायचो, तेव्हा निदान पळायला तरी मिळायचं.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

'लिंबूटिंबू कोर्ट' हे नाव कोणीतरी ठेवणारच, म्हणून आधीच सांगतो, ठेवू नका.

एक सुचवतो. इंग्लंडमध्ये २०११ साली चेस्टरफील्डला पन्नाशीपुढच्यांसाठी चालत खेळायचं फुटबॉल सुरू झालं. पळालं की फाऊल. एका नियमाने पळणारे आणि न पळणारे एका पातळीवर आले. आपल्याला कोर्ट वेगळं करायची गरज नाही, गुण मोजणं बदला. पहिला तास दोन्ही कोर्टांवर घड्याळ लावून खेळायचं. सात मिनिटं झाली की शिट्टी, स्कोअर काहीही असो. बाकावरचे आत, आतले बाहेर. चौदा माणसांत कोणीही एका वेळी सात मिनिटांच्या वर बसणार नाही.

---

प्रेषक: किल्लीवाले दादा

शिट्टी वाजवून गेम थांबवायचा? एकोणीस-अठरा असताना? ही काय शाळा आहे?

---

प्रेषक: खजिनदार

शिट्टीला माझा पाठिंबा. बाहेर आलेल्यांनी हॉलभोवती फेऱ्या माराव्यात, पावलंही होतील.

---

प्रेषक: खेळाडू सभासद

एक दुरुस्ती. एकवीसचा गेम जेमतेम पंधरा मिनिटांचा असतो. पन्नास मिनिटं बसावं लागलं ते गेममुळे नाही, जिंकणारी जोडी कोर्टावरच राहते या नियमामुळे. तो नियम कोणी आणला ते सगळ्यांना माहीत आहे.

---

प्रेषक: किल्लीवाले दादा

मी आणला. तेव्हा सहा माणसं होती आणि तोच बरा होता.

"तुम्ही फक्त उभे राहा" हेही मीच म्हणालो होतो. टोमणा नव्हता हो. मला वाटलं हरल्याचं वाईट वाटू नये, म्हणून तुमच्या बाजूचं पण मीच घ्यावं. माझ्या गुडघ्याने त्याबद्दल आठवडाभर शिव्या दिल्या, ते वेगळं. पण चारच वेळा लागलं असेल हे काही मी मोजलं नव्हतं.

---

प्रेषक: क्रीडासचिव

पस्तीस नाही, पण निम्म्या वाटेवर आलोच.

हॉलवाल्यांना मी काहीच कळवत नाही, कारण दोन्ही कोर्टं आहेत तशीच राहतील. साडेचार ते साडेपाच घड्याळ, सात मिनिटांचे डाव, जोड्या चिठ्ठ्या टाकून. जिंकणाऱ्यांनी थांबायचा नियम त्या तासात बंद. साडेपाचनंतर एकवीस काय, एकतीस खेळा. आधीची दहा मिनिटं वहिनी सांगतील तसं अंग मोकळं करायचं आणि त्यातून दादांनाही सूट नाही.

बूट: पांढऱ्या कागदावर तळ जोरात घासून बघा. काळी रेघ उठली तर ते घालू नका. कोणाचे जुने कोर्टचे बूट पडून असतील तर आणा, माप चिठ्ठीवर लिहून. आणि गेल्या तीन रविवारी न आलेल्यांना मी मेल नाही, फोन करणार आहे. ज्याच्या जोडीला ते खेळले होते त्यानेही करावा.

---

प्रेषक: किल्लीवाले दादा

बाकावरचे साहेब, तुमचा नंबर माझ्याकडे नाही, इथेच विचारतो. पायाचं माप काय? माझ्याकडे बेचाळीसचे पडून आहेत, तळ पांढरा आहे.

सव्वाचारला उघडतो. शिट्टी माझ्याकडे नाही, कोणीतरी आणा.

---

प्रेषक: बाकावरचा सभासद

त्रेचाळीस. जाड मोजे नाही घातले तर होतील बहुतेक.

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी

होणार नाहीत. अंगठ्याचं नख काळं पडतं. त्रेचाळीसचे कोणाकडे आहेत?