चर्चा: गोंगाटाची सवय होणे हा वैद्यकीय शिक्षणाचा भाग मानावा का?

रात्रपाळी (मूळ लेख):
मी पुण्यातील एका रुग्णालयात मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात नव्याने रुजू झालेल्या ज्युनिअरने रात्री दोनच्या सुमारास मला विचारले, "सर, हा आवाज बंद नाही का होत?" तिने विचारेपर्यंत खाटेजवळच्या मॉनिटरचा तो अलार्म मला ऐकूच आला नव्हता. आठ नंबरच्या खाटेवरील आजोबांच्या छातीवरचा, हृदयाचे ठोके टिपणारा इलेक्ट्रोड घामाने सुटला होता, त्यापलीकडे काही नव्हते. परंतु लीड, म्हणजे इलेक्ट्रोडची जोडणी, सुटल्यामुळेही कधी कधी हृदय थांबल्याचाच अलार्म वाजतो, आणि त्या रात्री तो कशामुळे वाजतो आहे हे मी उठून पाहिलेच नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

"पहिले सहा महिने जड जातात, मग कान तयार होतात," असे मलाही सांगण्यात आले होते. गाण्यात कान तयार झाला म्हणजे तानपुऱ्याची तार किंचित उतरलेली कळू लागते. आमचा कान तयार झाला असे म्हणतात तेव्हा ऐकू येणे कमी झालेले असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डातील रात्रीसाठी ३० डेसिबलची शिफारस केली होती. रस्त्यावरच्या हॉर्नविरुद्ध आपण फलक लावतो; आतला आवाज मात्र आपणच करतो.

याची किंमत तपासणीतही मोजावी लागते. महाधमनीची झडप गळत असेल तर तिचा मर्मर, म्हणजे स्टेथोस्कोपने ऐकू येणारा हृदयातील जादा आवाज, फार मऊ असतो; रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून रोखायला लावून तो ऐकावा लागतो. शेजारच्या खाटेवर कफ ओढून काढणारे सक्शन यंत्र चालू असताना मी "मर्मर नाही" असे लिहितो, तेव्हा तो खरोखरच नसतो की मला ऐकू आलेला नसतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भूलतज्ज्ञ:
मी वीस वर्षे भूल देतो आहे आणि आपल्याशी असहमत आहे. पल्स ऑक्सिमीटरचा सूर रक्तातील ऑक्सिजन कमी होऊ लागला की खाली उतरतो. सर्जनचे बोलणे, रक्तस्राव थांबवणाऱ्या कॉटरीचा आवाज, हत्यारांचा खणखणाट या सगळ्यातून तो उतरलेला सूर मला मॉनिटरच्या पडद्याकडे न पाहता कळतो, आणि हे मी गोंगाटातच शिकलो. सवय झाल्याशिवाय निवड करता येत नाही. प्रत्येक आवाजाला दचकणाऱ्या माणसाचा हात स्थिर राहणार नाही. विसर्जनाच्या रात्री बाहेर ढोल-ताशे आणि आत घाबरलेले नातेवाईक अशा कॅज्युअल्टीत ज्याला नाडी पाहता येत नाही, त्याला आपण काय शिकवले? रुग्ण काही शांत वेळ पाहून येत नाहीत.

रात्रपाळी:
सर, आपल्या उदाहरणातील आवाजाला अर्थ आहे आणि आपल्यासमोर एकच रुग्ण आहे. माझ्याकडे रात्री संपूर्ण वॉर्ड असतो आणि वाजणाऱ्या अलार्मपैकी बहुतेकांवर काहीच करावे लागत नाही. खोट्या हाकेला वारंवार ओ देऊन थकलेला मेंदू खरी हाकही सोडून देतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये याच विषयावर सावधगिरीची सूचना काढली. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली होती आणि त्यांतील ८० रुग्ण दगावले होते. तेथे काम करणाऱ्यांनाही सवय झालेलीच असणार.

खडकवासला:
मी तालुक्याच्या ठिकाणी काम करतो. आमच्याकडे दोन मॉनिटर आहेत आणि रात्री एकच सिस्टर. ती दुसऱ्या टोकाला असताना अलार्म मोठ्याने वाजला म्हणून आमचे रुग्ण वाचले आहेत. आवाज कमी करण्याची चर्चा मनुष्यबळ वाढवण्याच्या आधी सुरू झाली, तर ती रुग्णांच्या जिवावर बेतेल, याची मला मनापासून भीती वाटते.

सिस्टर:
माझी सारी नोकरी अतिदक्षता विभागातच झाली, म्हणून दोन गोष्टी सांगते. फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण ८८ ते ९२ टक्के ठेवायचे असते, पण मॉनिटरची खालची मर्यादा ९० वरच राहिली तर रुग्ण ठीक असूनही तो रात्रभर वाजतो. ती मर्यादा त्या रुग्णापुरती बदलायला डॉक्टरांची लेखी ऑर्डर लागते आणि राउंडमध्ये ती द्यायचे कोणाच्याही लक्षात राहत नाही. इलेक्ट्रोड लावण्यापूर्वी त्वचा पुसून कोरडी केली आणि तो रोज बदलला, तरी निम्मी कटकट थांबते. खडकवासला यांची भीती योग्य आहे; खरा अलार्म दूरपर्यंत ऐकू गेलाच पाहिजे, आणि त्यासाठीच बाकीचे थांबायला हवेत. रुग्णाचा विचारही कोणीतरी करा. आम्ही आठ तासांनी घरी जातो. तो तिथेच असतो, आणि आवाजाने जाग आली नाही तरी झोपेत त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात.

रात्रपाळी:
सिस्टर, मर्यादेची ऑर्डर ही चूक सरळ माझी आहे. उद्याच्या राउंडपासून प्रत्येक केसपेपरवर ती लिहीन.

भूलतज्ज्ञ:
जरूर लिहा, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्या ज्युनिअरला गोंगाटापासून दूर ठेवू नका. तिला एक दिवस ओटीत (शस्त्रक्रियागृहात) पाठवा. पडद्याकडे पाठ करून तासभर उभी राहू दे आणि सूर उतरला की तिने सांगायचे, एवढेच काम तिला द्या.