मदत हवी आहे: इंग्रजीतल्या 'लिड'ला प्रत्येक ठिकाणी 'झाकण' चालेल का?

सातवीच्या मराठी माध्यमातल्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दसूची करते आहे. 'लिड'वर अडकले आहे. (ऱ्हस्व लि, आघाडीचा 'लीड' नव्हे.)

पातेलं, डबा, बरणी, कचरापेटी, इथे 'झाकण' सरळ बसतं. 'आयलिड' म्हणजे पापणी, तेही मुलांना पटकन कळतं. घोळ बाटली आणि पेनापाशी होतो. आपण दोन्हींना टोपण म्हणतो. बाटलीला लाकडी किंवा रबरी असेल तर बूच. शब्दकोशात बाटलीच्या टोपणाला 'कॅप' आणि बुचाला 'स्टॉपर' सापडलं. पण ब्रिटिश माणसं पेनाच्या टोपणालाही 'लिड' म्हणताना ऐकलंय. मग 'लिड म्हणजे झाकण, कॅप म्हणजे टोपण' अशी विभागणी मुलांना शिकवणं चुकीचं ठरेल, आणि एकदा चुकीचं शिकवलेलं पुसायला फार वेळ लागतो.

दुसरी अडचण वाक्प्रचारांची. 'कीप अ लिड ऑन' हे बातमी फुटू न देणं आणि किमती आटोक्यात ठेवणं, दोन्हींसाठी येतं. पहिल्याला 'झाकून ठेवणे' जमतं, दुसऱ्याला नाही. 'फ्लिप युअर लिड'ला मी 'डोकं फिरणे' लिहिलंय.

सूचीत एका शब्दाला दोनच ओळी आहेत, चित्रं नाहीत. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीचं फिरकीचं टोपण इंग्रजीत 'लिड' म्हटलं तर ते चूक, की फक्त कमी रूढ?