मदत हवी आहे: सैन्यसेवेच्या कालपटात 'ऐच्छिक' आणि 'सर्वसमावेशक' हे टप्पे एकाच रेषेवर दाखवावेत का?

नमस्कार. सैन्यसेवा टप्प्याटप्प्याने ऐच्छिक आणि सर्वसमावेशक कशी होत गेली, हे दाखवणारा तक्ता मी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार करत आहे. त्यात एका ठिकाणी अडलो आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

या दोन्ही गोष्टी बरोबरीनेच घडल्या असतील, असा माझा समज होता. १९४८ या एका वर्षाने तो मोडला. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी त्या वर्षी १२ जूनला स्त्रियांना सैन्यदलांत कायमचे स्थान देणाऱ्या कायद्यावर सही केली, २४ जूनला सक्तीच्या भरतीचा कायदा पुन्हा लागू केला आणि २६ जुलैला आदेश क्रमांक ९९८१ काढून वंशभेद न करता समान वागणूक व संधी देण्याचे धोरण जाहीर केले. म्हणजे दार उघडले आणि सक्तीही आली, तीही दीड महिन्याच्या आत. (स्त्रियांसाठी दार तसे किलकिलेच होते: सैन्यातील त्यांच्या संख्येवरची दोन टक्क्यांची मर्यादा १९६७ मध्ये उठली.)

सक्ती म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावे म्हणून अमेरिकेत सक्तीच्या भरतीसाठी कोणाला आधी बोलवायचे, याचा क्रम जन्मतारखेवरून ठरवणारी १ डिसेंबर १९६९ ची सोडत मी सविस्तर देणार आहे. काचेच्या बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येकीत एक जन्मतारीख होती. पहिली निघाली १४ सप्टेंबर. कुप्या नीट मिसळल्या न गेल्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेल्यांच्या तारखा अधिक प्रमाणात आधी निघाल्या, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. अमेरिकेतील सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली.

खरी अडचण नॉर्वेची आहे. तिथे २०१५ पासून सक्तीच स्त्रियांनाही लागू झाली. स्वीडनने २०१० मध्ये शांतताकाळातील सक्ती स्थगित केली आणि २०१७ मध्ये ती स्त्री-पुरुष दोघांसाठी परत आणण्याचा निर्णय घेतला. समानतेच्या दृष्टीने हा टप्पाच आहे, पण ऐच्छिकतेच्या रेषेवर तो उलट दिशेने जातो. म्हणून दोन समांतर रेषा काढाव्यात, असे माझे मत झाले आहे.

मात्र, सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारण्याची मुभा कोणत्या रेषेवर ठेवावी? ब्रिटनच्या १९१६ च्या कायद्याने सक्ती लादली आणि त्याच कायद्यात या कारणासाठी सूट मागण्याची तरतूदही ठेवली. त्यासाठी तिसरी रेषा काढावी, की ती ऐच्छिकतेचीच सुरुवात मानावी?