हातमोजे न घालता

ब्रिटनच्या राजघराण्याची सून डायना, तिचं समाजकार्य म्हणजे कॅमेऱ्यासाठी केलेला देखावा, असं काही जण म्हणतात. कॅमेरे होतेच की! पण एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात तिने एड्सच्या रुग्णाशी हातमोजे न घालता हात मिळवला, तेव्हा नुसत्या स्पर्शाने रोग होतो या गैरसमजाने लोक धास्तावलेले होते. त्या रुग्णाने फोटोसुद्धा पाठमोरा काढू दिला. चेहरा दाखवायची सोय नव्हती बिचाऱ्याला.

आणि त्या काळात ती स्वतः कुठे सुखात होती? बुलिमिया (अधाशासारखं खाऊन मग ओकून टाकण्याचा आजार), मोडत चाललेला संसार, हे १९९५ च्या टीव्ही मुलाखतीत तिनेच सांगितलं. जानेवारी १९९७ मध्ये आफ्रिकेतल्या अंगोलात चिलखती जाकीट घालून जमिनीत पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यातून ती चालली, तेव्हा तर घटस्फोटही झालेला होता.