गिरिराजा गावठीत सोडताना

दादा, तुम्ही विचारलंय की परसातल्या गावठी कोंबड्यांत गिरिराजा या जड संकरित जातीची पिल्लं सोडली तर चालेल का, चालतं की, पण लगेच सोडू नका, पहिले पाच-सहा आठवडे वेगळी ठेवा, बल्बची ऊब द्या आणि सातव्या दिवसाच्या आसपास राणीखेत रोगाची लासोटा लस द्याच, गावठीला काही होत नाही म्हणून यांनाही होणार नाही असं नसतं.

काही जण म्हणतात यांना भरपूर खाद्य घाला, ते मला पटत नाही. मांसासाठी वाढवत असाल तर ठीक, पण अंड्यासाठी ठेवलेली तलंग (अंड्यावर येणारी तरुण कोंबडी) चरबी धरली की अंडी कमी करते. दिवसभर मोकळी चरू द्या, संध्याकाळी मूठभर धान्य बास.

अजून एक, अंगाने जड म्हणून यांना गावठीसारखं झाडावर उडून बसता येत नाही, मुंगूस नाहीतर कुत्रं आलं की पहिली हीच सापडतात. रात्री खुराडं नीट बंद पाहिजे, आत बसायची दांडी फूट-दीड फुटावरच लावा, उंचावरून उडी मारली की तळव्याला इजा होऊन पाय सुजतो. आणि कोंबडा मोठा झाला की बारक्या गावठी माद्यांच्या पाठी सोलून काढतो, त्याला वेगळं करा किंवा सरळ रविवारी रस्सा करा :)

गिरिराजाच्या माद्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, उबवायचीच असली तर अंडी गावठी खुडकीखाली ठेवायची. पण गिरिराजा मुळात संकरित, पुढची पिल्लं तशीच भरतील असं धरून चालू नका, दरवेळी नवीन पिल्लं हॅचरीतूनच आणा.