शब्दचर्चा: विसावा, विश्रांती, आराम की शांती?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)
उपवासकाळात एक दिवसाचे प्रार्थना-शिबिर आहे, त्याचे पत्रक छापायचे आहे. वचन मत्तय ११:२८-३०, येशूचे बोलावणे: 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, मी तुम्हांला विसावा देईन; माझे जू आपणावर घ्या व माझ्यापासून शिका, म्हणजे तुमच्या जिवास विसावा मिळेल; कारण माझे जू सोयीचे आहे.' मथळ्यासाठी चार पर्याय पुढे आलेत: 'देवामध्ये रेस्ट करा', 'देवात आराम', 'प्रभूठायी विश्रांती' आणि 'प्रभूजवळ विसावा'. शेवटचा शब्द तरुणांना जुनाट वाटतो, तर काही वडीलधाऱ्यांना त्यावरून अंत्ययात्रा आठवते. या शब्दांच्या छटा नेमक्या कशा वेगळ्या आहेत? 'कष्टी' आणि 'जू सोयीचे' हेही आजच्या वाचकाला समजतील असे सांगता आले तर हवे आहे.

कसबा बावडा
'रेस्ट करा' पहिल्यांदा बाजूला ठेवा. मराठीत रेस्ट दवाखान्यातली: ताप आला, पाय मोडला, की डॉक्टर रेस्ट सांगतात. विश्रांतीचेही आता बरेचसे तेच झाले आहे. आराम देहाचा, खुर्चीचा. तिन्हींमध्ये माणूस एकटाच आहे, समोर कोणी नाही.

विसावा तसा नाही. विश्राम, विस्साम, विसावा असा तो घासत आलेला शब्द. वाट चालणारा, डोक्यावर किंवा खांद्यावर ओझे असलेला माणूस ते खाली टेकवतो, तो विसावा. म्हणजे शब्दात तीन गोष्टी गृहीत आहेत: वाट, ओझे आणि टेकायला जागा. येशूच्या वाक्यातही 'भाराक्रांत' आहे आणि 'माझ्याकडे या' आहे. ओझे आहे, वाट आहे, टेकायची जागा तो स्वतः आहे. मराठी भाषांतरकारांनी हा शब्द उगाच निवडलेला नाही.

वापराचे एक सांगतो. विसावा घेतात, देतात, मिळतो, लाभतो. 'विसावा करा' कोणी म्हणत नाही. क्रियापद हवे तर 'विसावणे': जीव देवाच्या ठायी विसावला.

गडहिंग्लज
बावडेकर, शब्द गोड आहे हे मान्य, पण माझी अडचण वेगळी आहे. विसावा तात्पुरता असतो. वारीत पालखीचा विसावा म्हणजे घटकाभर थांबणे. रात्रीचा तो मुक्काम. प्रेतयात्रेतही तिरडी वाटेत टेकवून खांदेकरी जागा बदलतात तो विसावा, शेवट नव्हे. मग देव देतो ती विश्रांती घटकाभराची का? इब्री लोकांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात देवाच्या लोकांसाठी जो 'शब्बाथाचा (काम थांबवून पाळायच्या पवित्र दिवसाचा) विसावा' राहिला आहे, तो तर मुक्काम वाटतो.

मूळ भाषांचा अभ्यासक, कोल्हापूर
शंका अगदी रास्त आहे. मूळ ग्रीकमध्ये इथे एकच शब्द नाही, हे आधी बघू.

मत्तयात 'अनापाउसिस' या घराण्यातले शब्द आहेत. कामाच्या मध्ये मिळणारी उसंत, ताजेतवाने होणे असा त्याचा सूर. इब्री ४ मध्ये मुख्यतः 'काटापाउसिस' आहे: थांबून स्थिर होणे, वस्तीला येणे. आणि ४:९ मध्ये 'साब्बातिस्मॉस', शब्बाथ पाळण्यातला विसावा; हा शब्द नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. मराठीने तिन्हींना 'विसावा' दिला, त्यामुळे वारीची आणि मुक्कामाची छटा एकत्र झाली.

पण दोन्ही तोडूनही चालणार नाही. इब्रीच्या लेखकाने ९५ वे स्तोत्र घेतले आहे आणि त्यातल्या 'आज' या शब्दावर तो पुन्हा पुन्हा बोट ठेवतो. मुक्काम पुढे आहे, पण त्यात शिरणे आजपासून. म्हणून वाटेतला विसावा हा मुक्कामाचाच आगाऊ घास आहे, असे समजावले तर गडहिंग्लजकरांची अडचण सुटते असे मला वाटते.

हिब्रूतही दोन धातू आहेत. 'शाबात' म्हणजे काम थांबवणे, 'नूआख' म्हणजे टेकणे, स्थिरावणे. उत्पत्ती ८:९ मध्ये जलप्रलयानंतर कबुतराला पाय टेकायला जागा मिळत नाही, तिथला शब्द 'नूआख'पासूनच आला आहे. आपल्या 'टेकणे'शी हे किती जुळते पाहा! नुसते काम थांबले तर शाबात होतो, नूआख होत नाही. रविवारी दुकान बंद आणि मनात सोमवारची उधारी, ही अवस्था नेमकी तीच.

आता 'कष्टी'. हा शब्द मात्र आज दगा देतो. आज कष्टी म्हणजे दुःखी, खिन्न. मूळ शब्दाचा अर्थ राबून थकलेले. त्यामुळे वाचक समजतो की हे बोलावणे फक्त रडणाऱ्यांना आहे. हसतमुखाने राबणारा माणूस स्वतःला त्यात धरतच नाही. पत्रकात वचन आहे तसे ठेवा, खाली 'राबून थकलेले' अशी ओळ द्या. 'भाराक्रांत'चे मूळ रूप कर्मणी आहे: ज्यांच्यावर ओझे लादले गेले आहे असे. कोणी लादले? मत्तय २३:४ मध्ये उत्तर आहे, शास्त्री व परूशी (त्या काळचे यहुदी धर्मशिक्षक व कडक नियम पाळणारा पंथ) जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात. धर्म पाळण्याचेच ओझे झालेला माणूस येशूच्या नजरेपुढे आधी आहे. नोकरीचा ताण त्यात येतो, पण नंतर.

कागल
जू आमच्याकडं समजावून सांगायला लागत नाही. पण 'जू' आणि 'जोखड' एक करू नका. औत-गाडी ओढताना बैलांच्या मानेवर आडवं लाकूड ठेवतात, ते जू. जोखड म्हटलं की गुलामगिरीचं. वचनात जू आहे तेच बरोबर.

सोयीचं म्हणजे हलकं नव्हं. जू बैलाच्या मानेला बसलं पाहिजे. गुळगुळीत तासलेलं नसलं, शिवळा (मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या) चुकीच्या अंतरावर असल्या, सापती (गळ्याखालचा पट्टा) एका बाजूला आवळली, की ओझं कमी असूनही खांदा सोलतो, सुजतो. बसणारं जू असलं की तोच बैल दुप्पट ओढतो. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणीला गरम पाण्यानं खांदा शेकून हळद-तेल चोळतात, ते ह्या खांद्यासाठीच. बैल दुसऱ्या दिवशी जुंपत नाहीत, पण जू मोडूनही टाकत नाहीत.

मूळ भाषांचा अभ्यासक, कोल्हापूर
'सोयीचे'साठी मूळ ग्रीक शब्द 'ख्रेस्तॉस' आहे; कागलकरांनी त्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला सांगितला. चांगले, मायाळू, अंगाला मानवणारे, हे सगळे त्या शब्दात आहे.

उपदेशात एक गोष्ट वारंवार सांगतात: जू दोन बैलांचे, एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला आपण. चित्र सुंदर आहे, पण वचनात तेवढे म्हटलेले नाही. 'माझे जू' म्हणजे आधी गुरूची शिकवण. यहुदी बोलण्यात 'नियमशास्त्राचे जू' असा प्रयोग होता. लगेच पुढे 'माझ्यापासून शिका' येते ते म्हणूनच. कॅथलिक बायबलमधल्या बेनसिराच्या ५१ व्या अध्यायातही ज्ञानाचे जू आणि विसावा शेजारी-शेजारी आहेत.

पाळक, कोल्हापूर
शिबिरासाठी क्रियापदांकडे लक्ष द्या. आज्ञा तीन: या, घ्या, शिका. २८ व्या वचनात विसावा येशू 'देईन' म्हणतो. २९ व्यात, मूळ रूप पाहता, तो आपल्याला 'सापडेल'. पहिला आल्याबरोबर, फुकट. दुसरा जू घेऊन चालता चालता. लोक पहिल्यावर थांबतात आणि आठवड्यात जुने ओझे पुन्हा डोक्यावर, मग वचनालाच दोष देतात.

पंधरा-वीस मिनिटांच्या बैठकीला हा क्रम पुरतो. तिन्ही वचने मोठ्याने, सावकाश, तीनदा वाचा. पहिल्या वाचनानंतर आपले ओझे एका वाक्यात, नाव घेऊन सांगा. 'सगळे टेन्शन' म्हणू नका, 'मुलीच्या फीचे पैसे' म्हणा. दुसऱ्यानंतर ते पुन्हा न उगाळता पाच मिनिटे गप्प. तिसऱ्यानंतर आज शिकायची एक गोष्ट मागा आणि येशूने शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' म्हणून उठा.

बिघडते ते बहुधा गप्प बसण्यात. ओझे सांगता सांगता माणूस त्याचा हिशेबच मांडायला लागतो. टेकवलेले गाठोडे सोडून बघण्यासारखे ते. दुसरे, मन शांत झाल्यासारखे वाटले नाही म्हणजे विसावा मिळाला नाही, असे धरतात. शांती (योहान १४:२७) हा वेगळा शब्द, वेगळे दान. विसावा ओझे कोणाकडे दिले यावर ठरतो, त्या घटकेला कसे वाटले यावर नाही. झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका, वेळ बदला. रात्री जेवणानंतर ठेवू नका. आणि ज्याला महिनोन्‌महिने झोप नाही, कशात जीव नाही, त्याला वचनाबरोबर डॉक्टरकडेही पाठवा.

गडहिंग्लज
मुक्काम आणि विसावा दोन्ही धरायचे तर माझा विरोध मागे. फक्त 'प्रभूजवळ' ऐवजी 'प्रभूच्या ठायी' का नको?

कसबा बावडा
'ठायी' उपासनेत शोभते. पत्रक रस्त्यावरचा माणूस वाचणार, त्याला 'जवळ' कळते. आणि मूळ बोलावणे 'माझ्याकडे या' असेच आहे.

प्रश्न विचारणारे (शाहूपुरी)
सर्वांचे आभार. मथळा 'प्रभूजवळ विसावा'. खाली वचन जसेच्या तसे, आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'कष्टी: राबून थकलेले. सोयीचे जू: खांद्याला बसणारे.' अंत्ययात्रेची शंका काढणाऱ्या काकांना पत्रक छापण्याआधी दाखवतो.